डावी पाकळी

दादा गेला तेव्हा मी पाच वर्षांची होते. त्यामुळे तो गेल्याचं मला काहीच आठवत नाही. मला आठवतं ते त्याचं येणं. सात वर्षं तो रोज येत होता, आणि उंबऱ्याच्या आत पाऊल मात्र त्याने एकदाही टाकलं नाही. गणपती आटोपून तो फाट्यावरून मुंबईच्या एसटीत बसला, एवढं चार माणसांनी पाहिलं होतं. तिकडे कापडाच्या दुकानात कामाला होता, चौघांबरोबर खोली करून राहायचा. त्या खोलीवर तो पोचलाच नाही. आप्पा दोनदा मुंबईला जाऊन आले, पोलिसांत कळवून झालं, इस्पितळं पालथी घातली, आणि शेवटी चपला झिजवून गावी परत आले. लग्नाला आठ महिने झाले होते. वहिनी, शालन, तेव्हा वीस वर्षांची होती.

आमचं घर वाडीच्या टोकाला, देवीच्या देवळाला लागून. आप्पा देवीचे गुरव. पहाटे विहिरीवरच्या रहाटाचा आवाज, मग देवळातली घंटा, मग आईच्या चुलीचा धूर, असा आमचा दिवस वर यायचा. न्याहारीला उकड्या तांदळाची पेज आणि त्यात लोणच्याची फोड. दुपारी कुळथाची पिठी, भात, आणि फणसाच्या दिवसांत कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी, रोज, इतकी की पुढे लग्न झाल्यावर मी दहा वर्षं फणसाकडे पाहिलं नाही. माणसं चार: आप्पा, आई, वहिनी आणि मी. पाट मात्र पाच मांडले जात. पाचव्या पाटापुढे पान नसायचं, नुसता पाट. आई म्हणायची, येईल तेव्हा शोधाशोध नको.

दुपारी तीनला मुंबईकडची एसटी फाट्यावर थांबायची. फाटा आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटं. म्हणजे सव्वातीनच्या सुमाराला आमच्या घरात सगळ्यांचे हात आपोआप थांबत. कुणी कुणाला सांगायचं नाही. आई तांदूळ निवडत असली तर सूप मांडीवर स्थिर व्हायचं. आप्पांची सुपारी अडकित्त्यात तशीच राहायची. बाहेर कातळ तापून पांढरा झालेला, काजूचं पानसुद्धा हलत नसायचं, आणि त्या रखरखाटात प्रत्येकाला काहीतरी ऐकू यायचं. आईला कुंपणापलीकडे खोकला ऐकू यायचा. आप्पांना मागच्या दाराची कडी. वहिनी कधी बोलली नाही, पण तिची मान पायवाटेकडे वळायची, म्हणजे तिला चपलांचा आवाज येत असावा. आणि मला शीळ. दादा शीळ घालायचा हे मला कुणीतरी सांगितलेलं होतं, आणि सांगितल्यानंतरच मला ती ऐकू यायला लागली, हे आज कळतं. तेव्हा ती अगदी खरी होती. दोन सूर वर, एक खाली.

मग आई म्हणायची, "बघा, आज कावळा ओरडत होता तो उगाच नाय." आणि दुसऱ्या दिवशी पोस्टमन आला किंवा मुंबईचा कुणी शेजारी दादाचं नुसतं नाव काढून गेला, की कालचा खोकला खरा ठरायचा. मी पुढे तीस वर्षं रत्नागिरीत शाळेत गणित शिकवलं. नाणं उडवायला लावून मुलींना संभाव्यता समजावताना माझ्या डोळ्यांपुढे आमचं मागचं दार यायचं. कडी वाजल्याचे दिवस आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ होते. न वाजलेली कडी कुणाच्या लक्षात राहते?

आमच्याकडे एक जुनी रीत होती, अजूनही आहे. मागून कुणी हाक मारली तर पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारतो. दुसरं काही असेल तर ते दोनदाच मारतं. भर दुपारी माडाखालून जाताना तर हा नियम मोडायची कुणाची छाती नव्हती. पण आईने तो दादासाठी मोडला. कसलाही आवाज आला की ती पहिल्यालाच "ओऽऽ, आले रे" म्हणून मागच्या दारी जायची, आणि दार उघडून उभी राहायची. दार लावताना ती ते हलक्या हाताने लावायची, कुणाची बोटं सापडू नयेत तसं. मला त्या दाराची भीती वाटायची. घरातल्या कुणाला वाटत नव्हती, म्हणून मीही सांगितलं नाही.

आता कौलाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. कोकणाबाहेरच्या वाचकाला कौल म्हटलं की घराची कौलं आठवतील. आमचा कौल म्हणजे देवाला विचारणं. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या लावायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. प्रश्न मोठ्याने सांगायचा आणि थांबायचं. उजवी आधी पडली तर होय. डावी पडली तर नाही. लग्न, विहीर, बोअरिंग, मुंबईची नोकरी, सासरी नांदायला पाठवायचं की नाही, सगळं वाडी देवीला विचारून करायची. आणि आमच्या देवीची पंचक्रोशीत ख्याती होती की ही होकार देणारी देवी आहे. नाही म्हणणं तिच्या स्वभावातच नाही. लोक पलीकडच्या गावांतून येत, आणि खुशीत परत जात. आप्पांना त्याचा फार अभिमान होता.

दर सोमवारी पूजा झाल्यावर आप्पा स्वतःसाठी एकच प्रश्न विचारायचे. मुलगा आहे ना? मी पाकळ्या घेऊन शेजारी उभी असायचे. जास्वंदीच्या पाकळ्या पाण्यात धुवून केळीच्या पानावर ठेवणं हे माझं काम. देवीच्या उजव्या खांद्याची पानाच्या टोकाकडे, डाव्याची देठाकडे. उजवी पडायची. क्वचित डावी पडली तर आप्पा म्हणायचे, पाकळी फाटकी दिसते, दुसरी आण. दुसऱ्यांदा उजवी पडायची. कौल लावायला आलेल्या लोकांना मात्र त्यांचा नियम सांगितलेला असायचा की देवीने दिलं ते दिलं, फिरून विचारायचं नाही. माझे आप्पा खोटारडे नव्हते. त्यांना ती पाकळी खरोखर फाटकी दिसायची.

सात वर्षं अशी गेली आणि मग पालीहून वहिनीचा भाऊ आला. पाली तिचं माहेर. तो ओटीवर बसला, गूळपाणी घेतलं आणि बराच वेळ आंब्याच्या मोहोराविषयी बोलत राहिला. मग त्याने सांगितलं की पालीच्या बाजारात एक शिंपी आहे, बायको वारली, एक लहान मुलगी आहे, माणूस सज्जन आहे आणि त्याला सगळं सांगून झालंय. बहीण सत्तावीस वर्षांची झाली, अजून किती बसवून ठेवायचं. आई ताडकन उठून आत गेली. आप्पा म्हणाले, माझा मुलगा जिवंत आहे, दर सोमवारी मला देवी सांगते. भाऊ तोही कोकणातलाच. तो म्हणाला, मग गावासमोर कौल लावा, देवी आहे म्हणाली तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. आप्पा लगेच कबूल झाले. त्यांना उत्तर ठाऊकच होतं. भावाने एवढंच सांगितलं की पालीहून आपल्याला दुपारच्या गाडीनेच येता येईल, तेव्हा कौल दुपारी तीनला ठेवा. गावाचा कौल नेहमी सकाळचा. पण पाहुण्याची अडचण म्हणून गावच्या मानकऱ्यांनी, गावकरांनीही मान डोलावली.

हे सगळं मी दाराआड उभी राहून ऐकलं. दादा जिवंत असावा असं मला वाटत होतं का? खरं सांगायचं तर दादा माझ्यासाठी एक शीळ होता. मला हवी होती ती वहिनी. ती माझ्या वेण्या घालायची, मला लाडाने "धाकट्या वन्सं" म्हणायची आणि चिडली की "कुंदे". तिच्या गोधडीत मी झोपायचे. मला गोवर आला तेव्हा आठ दिवस ती माझ्या उशाशी बसून होती. दादा आहे तोवर वहिनी आमची, इतका सरळ माझा हिशेब होता. बारा वर्षांची पोर प्रेमापोटी किती आपमतलबी असू शकते, ते मी स्वतःवरून सांगते. तिचं आयुष्य पाचव्या पाटासारखं रिकामं मांडून ठेवलं होतं, हे मला दिसत होतं, आणि मला ते चालत होतं.

कौलाच्या दिवशी मी देवळामागच्या फणसाकडे गेले, बुंध्याला लागलेल्या कुयरीचा देठ नखाने खुडला आणि पांढरा चीक बोटांवर घेतला. फणसाचा चीक ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. आमच्याकडे मुलं त्याने पाखरं धरायची. डाव्या पाकळीच्या पाठीला मी तो लावला, पाकळी पानाच्या देठाकडे ठेवली आणि पान तबकात घेऊन देवळात आले. देवीकडे मी वर बघितलं नाही. नुसतं मनात म्हणाले, तुला त्रास नको म्हणून मीच केलंय.

देऊळ माणसांनी भरलेलं होतं, तरी आवाज नव्हता. भाऊ खांबाला टेकून उभा. आई गाभाऱ्याच्या अगदी जवळ, हात जोडलेले. वहिनी बायकांच्या मागे, पदर डोक्यावर, नजर जमिनीवर. आप्पांनी दोन्ही पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. "आई, माझा लेक जिवंत असेल तर उजवा दे. नसेल तर डावा दे. आज गावाच्या साक्षीने सांग." बाहेर फाट्यावर तीनची गाडी थांबल्याचं ऐकू आलं. मग ती निघून गेली. कुणी हललं नाही. मी डावीकडे बघतच नव्हते, माझे डोळे उजव्या पाकळीवर. तिची कड सुटली, थोडी वर उचलली, आता पडेल, आता पडेल. आणि त्याच वेळी आईच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला.

डावी पाकळी चालत होती. हाच शब्द मला तेव्हा सुचला आणि आजही दुसरा सुचत नाही. ती पडली नाही, ती खांद्यावरून छातीवर, छातीवरून पोटाकडे हळूहळू सरकत आली, गोगलगायीसारखी, मागे चकचकीत रेघ सोडत. मधेच थांबली. मग पुन्हा निघाली आणि देवीच्या पायाशी येऊन पडली. उजवी वर तशीच, अर्धी सुटलेली, थरथरत. मी चिकटवलेली पाकळी मला दिसेल अशी सावकाश खाली आली होती. मला वाटलं देवी माझ्याशीच बोलतेय, बाकी कुणाशी नाही.

गावकर म्हणाले, घरचा प्रश्न आहे, आणखी एकदा लावून बघूया. आई रडत म्हणाली, पाकळी फाटकी असेल. आप्पांनी खाली वाकून ती पाकळी उचलली. उलटी केली. बराच वेळ पाहिली. मग मूठ मिटली. ते वळले तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा होता, सगळं काम संपल्यावर माणूस हातपाय धुऊन बसतो तसा शांत.

"परत नाय लावायचा," ते म्हणाले. "देवीने सांगितलं."

त्या दिवसापासून आमच्या घरात कुणालाच काही ऐकू आलं नाही. याची मला आजही सगळ्यात जास्त भीती वाटते. सात वर्षांचा खोकला, कडी, चपला, सगळं एका पाकळीने बंद झालं. सव्वातीन वाजत आणि आई तांदूळ निवडतच राहायची. पाचवा पाट भिंतीला टेकवून ठेवला गेला. भटजींना बोलावून पळसाच्या पानांचा पुतळा केला आणि दादाचे विधी झाले. माणूस जाऊन सात वर्षं झाली असतील किंवा सात दिवस, किंवा तो कुठे तरी त्या क्षणी चहा पीत असेल, आमच्यासाठी तो त्या दुपारी तीनला वारला. आणि त्याला मी मारलं, अशी माझी खात्री होती. देवीला फसवायला गेले म्हणून देवीने शिक्षा दिली. मी जेवेना. बोटांवरचा चीक काळा पडला होता आणि राखेने घासूनही निघत नव्हता, म्हणून मी हात परकरात लपवून फिरत होते.

विधींच्या दुसऱ्या दिवशी वहिनीने मला परसात हाक मारली. ती पायरीवर बसली होती, शेजारी खोबरेल तेलाची वाटी. तिने काही न विचारता माझा हात ओढून मांडीवर घेतला, बोटांना तेल चोपडलं आणि चोळायला लागली. काळा चीक मऊ झाला आणि वळकट्या होऊन निघायला लागला. फणस कापायचा तर आधी हाताला तेल लावायचं, तेलावर चीक धरत नाही, हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. आणि देवीला रोज सकाळी स्नानानंतर तेल लावतात, आप्पा लावतात, मी जन्मापासून बघत होते. मी तेलकट दगडावर चीक लावला होता. इतकी साधी गोष्ट, आणि त्या दिवशी भीतीने ती माझ्या डोक्यातून साफ पुसली गेली होती.

"तू मला ठेवायला बघत होतीस," वहिनी म्हणाली. तिने वर पाहिलं नाही. मी रडायला लागले. मग तिने मला जे सांगितलं ते मी त्यानंतर कुणालाही सांगितलेलं नाही. रोज देऊळ झाडताना तिच्या लक्षात आलं होतं की सकाळी वारा डोंगराकडून येतो, देवीच्या उजव्या अंगाच्या दाराने. दुपारी तो फिरतो आणि समुद्राकडून, डाव्या अंगाच्या खिडकीने यायला लागतो. वारा ज्या बाजूचा, ती पाकळी आधी सुकते आणि पडते. तिने मूर्तीला हात लावला नव्हता, पण बाजूच्या भिंतीवर पाकळ्या लावून पंधरा दिवस बघितलं होतं. सकाळी उजवी, दुपारी डावी. फार तर एकदा दोनदा चुकली असेल. म्हणून भावाला तिनेच सांगितलं होतं की दुपारची वेळ माग.

"देवी काय बोलली ते मला ठाऊक नाय, कुंदे. मी वाऱ्याला विचारलं. तू चिकाला विचारलंस." ती माझी करंगळी पुसत होती. "तुला मामंजींना सांगायचं असेल तर सांग. मी नाय म्हणणार नाय. सांगितलंस तर मी राहीन हितंच."

तिने हात सोडला आणि वाटी घेऊन आत गेली. मी परसात बसून राहिले. आप्पा देवळाच्या पायरीवर वाती वळत होते, पन्नास पावलांवर. मी उठून गेले असते तर एका वाक्यात वहिनी आमची झाली असती, दादा जिवंत झाला असता आणि संध्याकाळी पाचवा पाट पुन्हा मांडला गेला असता. मी पायरीवरच बसले. चांगुलपणाने नाही. ते पाचही पाट पुन्हा मांडलेले मला डोळ्यांपुढे दिसले, त्यात वहिनीचे केस पांढरे झालेले दिसले, आणि माझ्या अंगावर काटा आला. एवढंच.

वैशाखात ती गेली. लग्न पालीत झालं, आप्पा गेले, आई गेली नाही, मला तापाचं निमित्त झालं. ती जायच्या दिवशी फाट्यापर्यंत तिची पिशवी मी नेली. परत येताना भर दुपार, कातळावर चिटपाखरू नव्हतं. माडांच्या खाली आले तेव्हा मागून शीळ आली. दोन सूर वर, एक खाली. मी थांबले. पुन्हा आली. मी मागे बघितलं नाही, ओ दिली नाही, मी तिसरीची वाट बघत उभी राहिले. किती वेळ उभी होते देव जाणे, पाय पोळून निघाले. तिसरी आली नाही. कुणी म्हणेल पाखरू असेल. असेल. मी तिथे पाखराची वाट बघत नव्हते.

त्यानंतर पंचवीस एक वर्षांनी, आई गेल्यावर, मी सुट्टीत गावी होते. आप्पा पूजा सोडून बसले होते, नजर अधू झाली होती. ओटीवर आम्ही दोघं वाल सोलत होतो. त्यांनी मध्येच विचारलं, ती पाकळी आठवते का. माझे हात थांबले. ते म्हणाले, "पाठीला चीक होता. मी उचलली तेव्हाच मला कळलं. शालनने लावला होता, बिचारीने. नवरा जिवंत ठरावा म्हणून डावी चिकटवून ठेवली. आणि चिकटवलेली पाकळी पडली, बाय. याहून स्पष्ट देव काय बोलणार?" म्हणून त्यांनी पुन्हा कौल लावला नव्हता. म्हणूनच आई नको म्हणत असताना ते तिच्या लग्नाला गेले, मुलीच्या बापासारखे उभे राहिले, आणि त्या शिंप्याला बाजूला घेऊन सांगून आले की माझ्या सुनेने माझ्या मुलासाठी देवीशी झगडून बघितलं, अशी बाई तुझ्या घरात येतेय. हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

ते माझ्याकडे वळले. "पाकळ्या तू ठेवल्या होत्यास पानावर. तुला दिसलं असेल तिला लावताना."

खरं सांगायला ती वेळ बरी होती. दुपारचा शांतपणा होता, घरात तिसरं कुणी नव्हतं. पण खरं काय होतं? की त्यांची देवी वाऱ्यावर डुलते, त्यांच्या सुनेला सुटायचं होतं, आणि मुलगा जिवंत असतानाच त्यांनी त्याचे विधी केले असतील. मी म्हटलं, "हो आप्पा, दिसलं होतं." आणि तेवढ्यावर न थांबता मी पुढे म्हटलं, "रडत होती." आप्पांनी मान हलवली आणि वाल सोलायला लागले. त्या वर्षी पावसात ते गेले.

एखादी थाप पुन्हा पुन्हा मनात आणली की ती किती आटोपशीर बसते, याचा अनुभव मी घेतला आहे. आप्पांना ते वाक्य सांगितल्यापासून मला वहिनी दिसायला लागली. फणसाखाली, केळीचं पान मांडीवर, पदराने डोळे पुसत. साडीचा रंगही दिसतो, निळा. आणि चीक घेऊन मी स्वतः जी धावत आले, ते दृश्य दर वर्षी थोडं पुसट होतंय. म्हणून हे प्रकरण लिहायला घेण्याआधी मी गावच्या घरून मुद्दाम पालीला जाऊन आले. चौपदरी रस्त्यामुळे आता अर्ध्या तासाचंही काम नाही. वहिनी ऐंशीच्या पुढे आहे, शिंपीदादा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांची ती लहान मुलगीच आता साठीची आहे आणि ती वहिनीला आईपेक्षा जास्त जपते. भिंतीवर आमच्या देवीचा फोटो, मोबाइलवर काढून मोठा केलेला.

मी विचारलं, वहिनी, त्या कौलाचं तुला काय आठवतं? ती लगेच म्हणाली, "आठवत नसायला काय झालं? हातांचा चीक पंधरा दिवस गेला नव्हता माझ्या." आणि तिने आपली बोटं माझ्यापुढे धरली, बारीक, स्वच्छ, थरथरणारी. शिंपीदादांनी ही गोष्ट आयुष्यभर पाहुण्यांना सांगितली होती, या घरात सगळ्यांना ती पाठ आहे, मुलीने चहा ठेवताना मान हलवली. मी म्हटलं, अगं, आणि वारा? सकाळचा आणि दुपारचा? भावाला तू वेळ सांगितली होतीस. ती माझ्याकडे बघत राहिली, मी काहीतरी विचित्र बोलत असल्यासारखी, आणि तिच्या नजरेत लपवाछपवी कुठेच नव्हती.

"कसला वारा गो?" ती म्हणाली.

मी चहा प्यायले. फाट्यावर उतरून घरी चालत येताना माझी बोटं मी तीनदा नाकाशी नेऊन हुंगली.